ट्रान्समीटर बंद पडण्याआधी नोकरी सोडू का?

प्रिय ताई,

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि लगेच एका रेडिओ केंद्राच्या एएम ट्रान्समीटरवर टेक्निशियन म्हणून लागलो. ड्यूटी शिफ्टची, त्यातून रात्रपाळ्या माझ्याच वाट्याला जास्त. आमच्याकडे एक सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा, ट्रान्समीटर आहे आणि एक जुना, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा), स्टँडबायला ठेवलेला. काम मनापासून आवडतं. रात्री मास्टजवळ, म्हणजे प्रसारणाच्या उंच मनोऱ्याजवळ, ट्यूबलाइट हातात धरली तर ती वायरशिवाय पेटते, हे मित्रांना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही.

पण वातावरण बरं नाही. दोन वरिष्ठ निवृत्तीला आलेत आणि त्यांच्या जागा भरणार नाहीत अशी कुजबुज आहे. सुटे भाग मागवले की ‘थांबा, निर्णय व्हायचाय’ असं उत्तर येतं. घरचे म्हणतात, रेडिओच कोण ऐकतं आता, त्यात एएम! मोबाइल टॉवर सांभाळणाऱ्या एका कंपनीची ऑफर आली आहे. पगार चांगलाच जास्त. काम मुख्यतः जनरेटर, बॅटरी बँक आणि एसी बघायचं. एएमला भविष्य आहे का? थांबू की निघू?

— रात्रपाळीवाला

रात्रपाळीवाल्या,

उत्तर आधी सांगते, कारणं मागून. ही ऑफर घेऊ नकोस. पण निवृत्तीपर्यंत याच ट्रान्समीटरवर राहीन अशा भरवशावरही राहू नकोस.

त्याआधी ती ट्यूबलाइट खाली ठेव. मीही ट्रान्समीटरवर नोकरी केली आहे आणि हा खेळ प्रत्येक केंद्रावर चालतो हे मला माहीत आहे. पण आरएफचा, म्हणजे रेडिओ लहरींच्या विजेचा, चटका वरून टिचभर दिसतो आणि आत खोलवर जातो. रात्री एकटा असताना मास्टच्या पायथ्याच्या ट्यूनिंग हटमध्ये शिरत असशील तर तेही बंद कर. भविष्याचा विचार करायला दोन्ही हात शाबूत हवेत.

आता घरच्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक नाही. एएम चालतो तो मुख्यतः दीर्घ आणि मध्यम लहरींवर. जर्मनीच्या डॉइचलँडफुंक या सरकारी रेडिओने 2014 च्या अखेरीस दीर्घलहरी बंद केल्या आणि 2015 च्या अखेरीस मध्यमलहरीही. फ्रान्सच्या सरकारी रेडिओने त्याच सुमारास मध्यमलहरी सोडल्या. आयर्लंडचा 252 किलोहर्ट्झचा दीर्घलहरी ट्रान्समीटर एप्रिल 2023 मध्ये थांबला. जपानमध्ये 47 खासगी एएम प्रसारकांपैकी 44 जणांनी 2021 मध्ये जाहीर केलं की 2028 पर्यंत आम्ही एफएमकडे जाऊ. त्यातल्या काहींनी फेब्रुवारी 2024 पासून एएम बंद ठेवून काय होतं ते बघायलाही सुरुवात केली. ब्राझीलने 2013 मध्येच एएम केंद्रांना एफएममध्ये जायची वाट मोकळी करून दिली आणि जागा पुरेना तेव्हा 88 मेगाहर्ट्झच्या खालचा पट्टा त्यांच्यासाठी उघडला.

यामागचं कारण मात्र घरच्यांनी सांगितलं तेवढंच नाही. ऐकणारे कमी झाले हे खरं, पण केंद्र बंद करायचा निर्णय बहुतेक वेळा विजेच्या बिलावर बोट ठेवून होतो. तुला हे पॅनेलच्या मीटरवर रोज दिसतं. पूर्ण मॉड्युलेशन असतानाही, म्हणजे लहरीवर आवाज जास्तीत जास्त चढवलेला असतानाही, दोन तृतीयांश शक्ती आवाज वाहून नेणाऱ्या नुसत्या कॅरिअर लहरीमध्ये जाते, आणि त्या कॅरिअरमध्ये ना शब्द असतो ना सूर. निवेदक श्वास घ्यायला थांबला तरी जुन्या पद्धतीचा ट्रान्समीटर कॅरिअरसाठी तेवढीच वीज ओढत असतो. नव्या ट्रान्समीटरांमध्ये कॅरिअर गरजेप्रमाणे कमी-जास्त करायची सोय असते, पण ‘निर्णय व्हायचाय’ म्हणणारे लोक नवा संच कशाला घेतील? मग जागेचा प्रश्न. 1000 किलोहर्ट्झला तरंगलांबी 300 मीटर, म्हणजे पाव लांबीचा मास्ट 75 मीटरचा, आणि त्याच्या पायाशी चारी दिशांना पुरलेल्या तांब्याच्या तारा. केंद्र बांधलं तेव्हा ती जागा गावकुसाबाहेर होती. शहर तिथवर आलं की मास्टपेक्षा जमीन महाग होते. पुरलेलं तांबं चोरीला जातं ते वेगळंच.

अजून एक कारण आहे. त्याची चर्चा कमी होते आणि तुझ्यासाठी मला तेच महत्त्वाचं वाटतं: गोंगाट. एएममध्ये माहिती लहरीच्या उंचीत असते. भोवतालच्या कुठल्याही ठिणगीने ती उंची बिघडते आणि संच त्यालाही कार्यक्रमच समजतो. पूर्वी हा त्रास विजा चमकल्या की व्हायचा, नाहीतर शेजारच्या मिक्सरचा. आज एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, फोनचा चार्जर, सोलरचा इन्व्हर्टर, असं घरातलं जवळजवळ प्रत्येक उपकरण सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतं आणि जोडतं. तुमचा ट्रान्समीटर पहिल्याइतकीच शक्ती सोडतोय, पण ऐकणाऱ्याच्या खोलीतला खरखराट इतका वाढलाय की त्याच्या दृष्टीने केंद्र लांब गेलं. ‘कोण ऐकतं’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ऐकायचा प्रयत्न केला असेल आणि खरखर ऐकून संच कपाटात टाकला असेल.

विजेच्या मोटारींत एएम रेडिओ ठेवायचा की नाही यावरून झालेलं भांडण याचंच मोठं रूप आहे. बॅटरीची वीज मोटरला देणारा इन्व्हर्टर भल्यामोठ्या प्रवाहाशी ही तोडजोड करतो आणि त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे पटीतल्या वारंवारतेच्या लहरी, थेट मध्यमलहरींच्या पट्ट्यात येऊन बसतात. नीट शिल्डिंग आणि फिल्टर घातले तर हे आवरता येतं, पण त्याला पैसा आणि वजन लागतं. टेस्ला, बीएमडब्ल्यू, व्होल्वो अशा कंपन्यांनी त्यापेक्षा सोपा उपाय केला: विजेच्या गाड्यांतून एएमच काढून टाकला. फोर्ड 2023 मध्ये त्याच्याही पुढे गेली आणि जवळजवळ सगळ्या नव्या गाड्यांमधून एएम काढायला निघाली. ओरड इतकी झाली की मे महिन्यात त्यांना निर्णय फिरवावा लागला, आणि ज्या विजेच्या गाड्यांतून एएम आधीच काढला होता त्यांत तो सॉफ्टवेअर अपडेटने परत द्यायचं कबूल करावं लागलं. म्हणजे रिसीव्हर गाडीत होताच! अमेरिकी सिनेटमध्ये त्याच महिन्यात प्रत्येक गाडीत एएम सक्तीचा करणारं विधेयक आलं. ते मांडणाऱ्यांत डेमोक्रॅट एड मार्की आणि रिपब्लिकन टेड क्रूझ होते. या दोघांचं एरवी कशावरही एकमत होणार नाही.

एवढी ओरड का झाली, तर आपत्तीमुळे. तिथल्या आपत्ती यंत्रणेने 77 केंद्रं निवडून त्यांना जनरेटर, इंधन आणि आडोसा देऊन ठेवलाय. त्यांतली बहुतेक एएम आहेत आणि ती मिळून देशाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत पोचतात. 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोतली वीज आणि मोबाइल आडवे केले, तेव्हा डब्ल्यूएपीए हे एएम केंद्र बोलत राहिलं. मोबाइलचे टॉवर शेकड्यांनी लागतात आणि प्रत्येकाला वीज आणि मुख्य जाळ्याशी जोडणी लागते. एएमला एक मास्ट, एक जनरेटर आणि माइकसमोर एक माणूस पुरतो.

पण इथे थांबलो तर आपण आपल्याच प्रेमात पडू. जपानमध्येही भूकंप, त्सुनामी आहेतच, आणि तिथल्या प्रसारकांनी आपत्तीचाच मुद्दा घेऊन उलटा निष्कर्ष काढला. एएमच्या मास्टला चांगली अर्थिंग हवी, त्यासाठी ओलसर जमीन हवी, म्हणून केंद्रं नदीकाठच्या, सखल जागांवर बांधली गेली. पूर आला की आधी ट्रान्समीटरच पाण्यात. त्यापेक्षा डोंगरावरून एफएम लावू, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यासाठी 90 ते 95 मेगाहर्ट्झचा पट्टा त्यांना मिळालाही. दोन्ही देश आपापल्या जागी बरोबर आहेत. म्हणून ‘एएमला भविष्य आहे का’ याला एक उत्तर नाही. तुझ्या केंद्राला आहे का, एवढंच विचारता येतं, आणि ते बऱ्याच अंशी तुला स्वतःला शोधता येईल.

कसं, ते सांगते. तुमच्या प्रसारणाच्या कक्षेत त्याच संस्थेचं एफएम कुठवर पोचतं याचा नकाशा मिळव. दोन्ही वर्तुळं जवळपास एकावर एक बसत असतील तर तुमचे दिवस भरत आले. एफएम डोंगराआड अडतं आणि तुमची जमिनीलगत जाणारी लहर पलीकडच्या दऱ्याखोऱ्यांत, समुद्रावर, विरळ वस्तीत जात असेल तर तुम्हाला काढणं सोपं नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात तुमच्या केंद्राचं नाव आहे का ते विचार. मास्टला शेवटचा रंग कधी लागला, मास्टला उभा धरणाऱ्या ताणतारा कधी तपासल्या, तेही बघ. भाषणांपेक्षा मी रंगावर जास्त विश्वास ठेवते. केंद्र ठेवायचं असेल तर मास्टवर खर्च होतो, बंद करायचं असेल तर आधी तोच थांबतो. सुटे भाग नाकारले जातायत हे लक्षण मला चांगलं दिसत नाही, हे तुझ्यापासून लपवत नाही.

डिजिटल एएम तुम्हाला तारेल का? माझा उत्साह मर्यादित आहे. डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडिआल) ही पद्धत तांत्रिकदृष्ट्या झकास. त्याच मास्टवरून, कमी विजेत, एफएमला लाजवेल असा आवाज, वर मजकूर पाठवायची सोय. भारतात आकाशवाणीने तीसहून अधिक मध्यमलहरी ट्रान्समीटर त्यासाठी सज्ज केले, काही मोटारींत रिसीव्हरही आले. अडतं ते हातात धरायच्या संचापाशी. संच स्वस्त नाही म्हणून ऐकणारे नाहीत, ऐकणारे नाहीत म्हणून संच स्वस्त होत नाही. अमेरिकेने 2020 मध्ये एएम केंद्रांना आपल्या वेगळ्या पद्धतीने पूर्ण डिजिटल व्हायची परवानगी दिली. तिथेही अडचण हीच: ज्या दिवशी पूर्ण डिजिटल व्हाल त्या दिवशी जुन्या संचांवर नुसता सूं आवाज. शिवाय साधा एएम क्षीण झाला तरी खरखरीतून दोन शब्द कळतात. डिजिटल एका हद्दीपलीकडे एकदम गप्प होतं. तरी तुमच्याकडे डीआरएमची नुसती चर्चा जरी निघाली तरी त्या कामात स्वतःहून नाव दे. ती पद्धत चालो न चालो, शिकलेलं तुझ्याजवळच राहील.

आणि हो, एफएममध्ये गेलं म्हणजे सुटलं असंही समजू नकोस. नॉर्वेने 2017 मध्ये आपली राष्ट्रीय एफएम जाळी बंद करून डिजिटल रेडिओ घेतला. उलट फ्रान्समध्ये अलुईच्या दीर्घलहरी ट्रान्समीटरवरचे कार्यक्रम 2016 च्या अखेरीस थांबले, पण 162 किलोहर्ट्झचा कॅरिअर चालूच राहिला, कारण त्यावरून वेळेचा संकेत जातो आणि घड्याळं त्यावर लागतात. निवेदक गेले, ट्रान्समीटरवाले राहिले. आपल्या धंद्यात असंही होतं.

आता तुझ्याबद्दल. सहा-सात वर्षांत तू जे शिकलास त्याचं नाव ‘एएम’ नाही. जमीन ओली झाली की मास्टचा बेस इम्पीडन्स (पायथ्याशी विजेला होणारा विरोध) सरकतो आणि रिफ्लेक्टेड पॉवर (मास्टकडून परत फिरणारी शक्ती) वाढते, हे तुला मीटर न बघता ट्रान्समीटरच्या वागण्यावरून कळत असणार. मॅचिंग, अर्थिंग, मोठ्या शक्तीचा आरएफ, शिल्डिंग, कुठून कुठे गळती होते याचा माग. ही समज पुस्तकातून येत नाही आणि ती असलेले लोक निवृत्त होत चाललेत. ती समज एफएम, टीव्ही आणि लघुलहरींच्या केंद्रांना तर लागतेच. एमआरआय यंत्रांना, उद्योगांतल्या आरएफ हीटिंगला, कणप्रवेगकांनाही लागते.

पण मी तुझ्या जागी असते तर माझी नजर आणखी एका दाराकडे असती. वर ज्या गोंगाटाबद्दल लिहिलं तो मोजणं आणि आवरणं हा स्वतंत्र पेशा आहे: ईएमसी, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक कम्पॅटिबिलिटी. विकायला येणारा दिवा, चार्जर, मोटार, वैद्यकीय यंत्र, प्रत्येकाला किती गोंगाट करायची मुभा आहे हे ठरलेलं असतं आणि ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. या मर्यादा ठरवणारी सिस्पर ही आंतरराष्ट्रीय समिती 1934 मध्ये स्थापन झाली, तीच मुळी रेडिओ ऐकू येत नाही या तक्रारींपायी. तेव्हाचा रेडिओ म्हणजे एएम. आज सिस्पर 25 हे मानक मोटारीतल्या रिसीव्हरांचं रक्षण कसं करायचं ते सांगतं, सिस्पर 15 दिव्यांसाठी आहे. ज्या मोटार कंपन्यांनी एएम काढला त्यांनाही ही माणसं लागतात, कारण तोच इन्व्हर्टर गाडीतल्या बाकीच्या सेन्सरांनाही छळतो. या क्षेत्रात येणारे बरेच जण सॉफ्टवेअर आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवरून सुरुवात करतात. गोंगाट म्हणजे काय हे कानाने कळणारे थोडे असतात. तू त्यांच्यातला आहेस.

सुरुवात घरी कर. केंद्रावर नको, तिथे तुझाच ट्रान्समीटर संचाला बहिरा करून टाकेल. बॅटरीवरचा छोटा एएम संच घे आणि डायलवर कुठलंही केंद्र नाही अशी जागा लाव. आता संच आडवा धरून सावकाश फिरव. आतली फेराइटची (चुंबकीय पदार्थाची) कांडी हीच त्याची अँटेना, आणि ती दिशा ओळखते: तिचं टोक उगमाकडे झालं की खरखर एकदम खाली बसते. ती रेषा लक्षात ठेव, दुसऱ्या खोलीत जाऊन पुन्हा कर, दोन रेषा छेदतील तिकडे चाल. अगदी जवळ गेल्यावर हा हिशोब फसतो. मग एकेक स्विच बंद करायचा. कधी गुन्हेगार दिवा निघतो, कधी भिंतीत लावून विसरलेला चार्जर, कधी शेजाऱ्याचा इन्व्हर्टर, ज्याबद्दल गोडीत बोलावं लागतं. सापडला की वायरवर फेराइटचा चोक, म्हणजे गोंगाट अडवणारं कडं, घालून बघ, खरखर किती उतरली ते लिहून ठेव. अशा नोंदी, आधीचं आणि नंतरचं मोजमाप, फोटो, यांची एक जाड वही घेऊन तू ईएमसी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेलास, तर डिप्लोमाचे गुण कुणी विचारणार नाही असं म्हणत नाही, पण ते दुसरा प्रश्न म्हणून विचारतील.

केंद्रावर वेगळं काम आहे, आणि ते वरिष्ठ जायच्या आत उरकायला हवं. कॉइलवरचा टॅप नेमका कुठे आणि का, जुना व्हॉल्व्हचा संच थंडीत कुठल्या क्रमाने चढवायचा, कुठला मीटर खोटं बोलतो, कुठल्या ताणतारेचा इन्सुलेटर पावसात ठिणगी टाकतो, हे मॅन्युअलमध्ये नसतं. त्या दोघांच्या शेजारी बसून लिहून घे. त्यांना आवडेल. इतक्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नसणार. आणि त्यांच्या जागा खरंच भरल्या नाहीत, तर त्या वहीमुळे केंद्रात तुला काढणं सगळ्यात अवघड होईल. पगारवाढ मागायची तर तीच वेळ.

मुदत मात्र घाल. साधारण दीड-दोन वर्षं धर. तेवढ्यात नवा संच, डीआरएम, निदान सुटे भाग, यांपैकी काहीच हललं नाही, तर नोटीस बोर्डावर कागद लागायची वाट बघू नकोस. केंद्र बंद होताना सगळे एकदम बाजारात उतरतात आणि तेव्हा भाव पडतो. तोवर ईएमसीचा एखादा कोर्स आणि अर्ज दोन्ही चालू ठेव. घरी भविष्य वगैरे बोलू नकोस, ही तारीख सांग. तारीख ऐकली की घरच्यांचा जीव बराचसा भांड्यात पडतो.

ऑफरला ‘नाही’ म्हणण्याचं माझं कारण पगार नाही, कामाचं वर्णन आहे. जनरेटर, बॅटरी आणि एसी ही कामं सन्मानाचीच आहेत आणि ती जाणणारे पुष्कळ मिळतात. तू चार वर्षांनी तिथून निघशील तेव्हा तुझ्या हातातली आरएफची सवय गेलेली असेल. घरात पैशाची खरीच नड असेल तर गोष्ट वेगळी. तू तसं लिहिलेलं नाहीस, म्हणून मी नाही असं धरलं. असेल तर माझं ऐकू नकोस, जा.

एक मधला रस्ता मात्र तपासून बघ. या टॉवर कंपन्यांकडे, किंवा त्या ज्यांना सेवा देतात त्या मोबाइल कंपन्यांकडे, हस्तक्षेप शोधणारी टीम असते: कुठल्या सेक्टरमध्ये गोंगाट वाढला, तो कुणाच्या बिघडलेल्या बूस्टरमुळे, हे अँटेना हातात घेऊन रस्त्यावर शोधणारे लोक. नाही म्हणायच्या आधी त्यांच्या एचआरला एवढंच विचार की त्या टीममध्ये जागा आहे का, नसेल तर वर्षभरानंतर बदली लेखी मिळेल का. लेखी मिळालं तर मला पुन्हा लिही. माझं उत्तर बदलू शकतं.

— ताई